बंद पडलं तर मी हाय

माझ्या नोकरीचा निम्मा वेळ खोट्या वस्तू पकडण्यात जातो. मी विजेच्या तपासणी खात्यात आहे, नांदेडला. खोटी वायर, खोटे स्विच, खोटे फ्यूज, आणि त्यांच्यावरचे शिक्के मात्र खऱ्याहून ठसठशीत. एखादा दुकानदार गळ्याची शपथ घेऊन "मॅडम, एकदम ओरिजिनल" असं सांगायला लागला की मला हटकून लातूरचे अप्पा आठवतात, आणि समोरच्या माणसाची कीव येते. बिचाऱ्याला खोटा माल कसा विकायचा हे कुणी शिकवलेलंच नसतं.

अप्पांनी उभ्या जन्मात खोटाच माल विकला. पण सांगून विकला.

अप्पांचं दुकान गंजगोलाईच्या बाजारातून फुटणाऱ्या एका गल्लीत होतं. दुकान कसलं, घराची पुढची खोली. मागं अप्पा आणि त्यांची बायको, अव्वा, राहायचे. मध्ये अंगण, अंगणातून वर गेलेला लोखंडी जिना, आणि जिन्याच्या टोकाला आमची खोली. आमची म्हणजे माझी आणि लातूरजवळच्या मुरुडच्या एका मुलीची. मी नांदेडकडच्या उमरीहून आले होते. त्या काळात लातूरला जायचं म्हणजे अकरावी-बारावी करायला जायचं, दुसऱ्या कुठल्या कामासाठी कुणी लातूरला जातं हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. गल्लीत घर तिथं भाड्याची खोली आणि खोलीत मावतील तितके विद्यार्थी. ज्याच्याकडे न्हाणीघर मोठं होतं त्यानं त्यातही एक कॉट टाकून दिली होती. सगळ्या गल्लीत पहाटेपासून केमिस्ट्रीची घोकंपट्टी चालायची आणि दुपारी डबेवाल्या बाईच्या मागं पोरांची रांग लागायची.

या सगळ्या पोरांना जे जे लागतं ते अप्पांकडे मिळायचं. गजराची घड्याळं, कॅल्क्युलेटर, टेबललॅम्प, वॉकमन, रेडिओ, इस्त्री, हातातल्या बॅटऱ्या. दुकानावर पाटी होती 'फॉरेनचा माल'. माल यायचा हैदराबादहून एसटीच्या टपावर, तुरीच्या पोत्यांच्या आडोशानं. खोक्यावर जपानी कंपनीचं नाव असायचं, फक्त त्यातलं एखादं अक्षर वाटेत कुठं तरी गळालेलं असायचं. गिऱ्हाईक हरखून वस्तू हातात घ्यायचं आणि अप्पा कपाळावरची विभूती सारखी करत, त्याच्या तोंडाकडे बघत म्हणायचे, "डुप्लिकेट हाय बरं का."

नुसतं म्हणायचे नाहीत. शाळेच्या वह्यांवर नाव लिहायला चिकटवतात तसल्या पांढऱ्या चिठ्ठ्या त्यांच्या गल्ल्यात असायच्या. त्यांच्यावर निळ्या बॉलपेननं 'डुप्लिकेट' असं लिहून ते प्रत्येक वस्तूच्या पाठीवर डकवायचे. पहिल्या दिवशी मला वाटलं, म्हातारा चक्रम आहे. दुसऱ्या दिवशी खात्री पटली.

दुकानात एक काचेचं कपाट होतं. त्याच्यावर त्याच अक्षरात लिहिलेलं होतं 'ओरिजिनल'. आत महादेवाची एक तसबीर सोडली तर काही नसायचं. कुणी विचारलं तर म्हणायचे, "आला की ठिवीन. जागा तर पायजे ना."

एकदा कुठल्याशा खात्याचे दोन साहेब दुकानावर धाड घालायला आले. त्यांना सवय होती ती दुकानदार हात जोडतात, रडतात, मालाशी आपला संबंध नाही म्हणतात याची. अप्पांनी त्यांना बसायला स्टूल दिलं आणि स्वतःच एकेक वस्तू काढून दाखवायला लागले. "हे डुप्लिकेट. हेबी डुप्लिकेट. ह्याची चिठ्ठी निघाली दिसती, थांबा, दुसरी लावतो." मोठे साहेब गोंधळले. ते म्हणाले, "अहो, मग ओरिजिनल काय आहे इथं?" अप्पांनी सगळ्या दुकानावर नजर फिरवली, मग साहेबांच्या मनगटावर आणली. जरा पुढं वाकून नीट बघितलं आणि हळहळून म्हणाले, "मला वाटलं तुमचं घड्याळ आसंल. पर न्हाई सायेब. कुनी दिलं तुमाला हे?" साहेबांना ते घड्याळ सासऱ्यांनी दिलं होतं. त्यांचं धाडीवरचं लक्षच उडालं. चहा पिऊन निघून गेले ते परत आले नाहीत. सासऱ्यांचं काय झालं ते कळलं नाही.

पण अप्पांचा खरा तऱ्हेवाईकपणा डुप्लिकेट म्हणण्यात नव्हता, गॅरंटीत होता. गिऱ्हाईक हटकून विचारायचं, डुप्लिकेट आहे तर गॅरंटी काय? अप्पांचं उत्तर ठरलेलं होतं.

"बंद पडलं तर मी हाय."

हे वाक्य सगळे हसण्यावारी न्यायचे. अप्पा नेत नसत. त्याचा अर्थ त्यांच्या मनात अगदी सरळ होता. वस्तू बंद पडली तर नवी येईपर्यंत तिचं काम अप्पा स्वतः करणार.

पलीकडच्या गल्लीतल्या एका पोराला त्यांनी गजराचं घड्याळ विकलं होतं. चौथ्या दिवशी त्याचा गजर बसला. हैदराबादहून पुढचा माल यायला पंधरा दिवस होते. ते पंधरा दिवस अप्पा रोज पहाटे साडेचारला काठी घेऊन त्या पोराच्या खिडकीवर ठाकठूक करत होते. घड्याळाच्या डोक्यावर टपली मारून ते गप्प करता येतं, अप्पांना कोण टपली मारणार? पोरगं उठून तोंडावर पाणी मारून दिव्यापाशी बसलेलं दिसेपर्यंत हे खिडकीतून हलायचे नाहीत. त्या चाचणी परीक्षेत पोरगं वर्गात तिसरं आलं. मग काय, नवा माल आला तेव्हा तीन पोरं येऊन म्हणाली, "अप्पा, आमाला बंद पडल्यालं घड्याळ द्या."

एका निवृत्त मास्तरांचा रेडिओ ऐन क्रिकेटच्या सामन्यात मुका झाला. अप्पा दुकान अव्वांच्या हवाली करून दिवसभर कोपऱ्यावरच्या पानटपरीचा टीव्ही आणि मास्तरांचं घर अशा येरझाऱ्या घालत होते. त्यांना क्रिकेटमधलं ओ का ठो कळत नव्हतं. "मास्तर, त्यो उंच हाय ना, त्यो गेला. कामून गेला काय की, पर लई नाराज होऊन गेला." मास्तर म्हणायचे, रेडिओपेक्षा ही कॉमेंटरी बरी.

आणि कुणा बाळंतिणीच्या घरी टेबलफॅन बंद पडला तेव्हा अप्पांनी अव्वांनाच हातपंखा देऊन तिकडं पाठवलं होतं. बाळंतिणीच्या खोलीत त्यांनी स्वतः कसं जावं? अव्वा संध्याकाळी परत आल्या त्या हात दाबतच. "गॅरंटी तुमची आन् मनगट माजं का?" त्या म्हणाल्या. अव्वा कर्नाटकाच्या सीमेवरच्या उदगीरच्या. राग वाढला की कानडीत जायच्या. त्या दिवशी रात्रीची भाकरी होईपर्यंत त्या मराठीत आल्या नाहीत.

माझ्या आईची आणि अप्पांची गाठ पडली ती इस्त्रीवरून. मला खोलीवर सोडायला आई आली होती. कॉलेजचा गणवेश कडक इस्त्रीचा हवा असा नियम होता, म्हणून तिनं अप्पांकडची एक इस्त्री उचलली. अप्पा तिच्या तोंडाकडे बघून म्हणाले, "ताई, डुप्लिकेट हाय."

आई चमकली. आमच्याकडे सगळे शाळामास्तर नाहीतर कचेरीतले. खरं बोलावं असं घरात शिकवायचे, पण दुकानदार खरं बोलतो हे तिनं पहिल्यांदाच बघितलं. तिनं इस्त्री घेतली. मला जिन्यात म्हणाली, "माणूस चांगला आहे. इस्त्री जाईल." इस्त्री महिन्यात गेली. त्यानंतर नवी येईपर्यंत माझे गणवेश अप्पांनी पितळेच्या तांब्यात निखारे भरून स्वतः इस्त्री केले. एका बाहीवर तांब्याच्या बुडाचा गोल डाग पडला, तो बारावी संपेपर्यंत माझ्या अंगावर होता.

मग माझ्या बारावीच्या वर्षी भूकंप झाला.

गणपती बोळवून गाव झोपलं होतं आणि पहाटे जमीन हलली. लातूर शहरात आम्ही वाचलो. भिंतींना भेगा पडल्या, भांडी पडली, आम्ही दोघी पोरी जिन्यावरून कशा उतरलो ते आजही आठवत नाही. अप्पा बाहेर आले ते बगलेत बॅटऱ्यांचं खोकं घेऊन. एवढ्या दुकानातून त्यांनी नेमकं तेच का उचललं ते त्यांनाही सांगता आलं नाही. सकाळी किल्लारीकडच्या बातम्या यायला लागल्या तेव्हा मात्र ते खोकं कुठं न्यायचं ते त्यांना कळलं. दुकानातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या बॅटऱ्या आणि सेल एका टेम्पोत घालून ते तिकडे गेले.

चौथ्या दिवशी परत आले. अंगणात बसले. अव्वांनी पाणी दिलं ते हातातच धरून ठेवलं. आपणहून म्हणाले, "चालल्या. समद्या चालल्या. ढिगाऱ्यावर मानसं हुडकत व्हती, बॅटरी लावून. एक बी बंद पडली न्हाई." मग त्यांचा आवाज फुटला. "एकांदी बंद पडली आसती, तर तिचं काम मी काय केलो आसतो?"

अप्पांना रडताना मी तेवढंच पाहिलं. आम्हीही रडलो. त्यांच्या पाठीवर हात ठेवावा असं मला फार वाटलं, पण धीर झाला नाही.

आठवड्याभरात आई उमरीहून येऊन थडकली. वर खोलीत गेली, भिंतीच्या भेगेत करंगळी घालून बघितली, ती पेरापर्यंत आत गेली. खाली येऊन म्हणाली, "पुस्तकं बांध. घरी चल."

"आणि बारावी?"

"जीव राहिला तर बारावी."

त्यात तिचं काही चुकत नव्हतं. दर दोन-चार दिवसांनी जमीन थोडी थोडी हलतच होती. अर्ध्या गल्लीतली पोरं आईबापांनी नेली होती. पण मी घरी गेले की पुढं काय होणार तेही मला दिसत होतं. उमरीत बसून बारावी सायन्सचा अभ्यास होणार नव्हता, आणि अर्धापूरचं एक स्थळ वर्षभर दाराशी ताटकळत होतं. केळीच्या बागा, स्वतःची विहीर, मुलगा निर्व्यसनी. स्थळ वाईट नव्हतं. चांगलं होतं, तीच तर पंचाईत होती. घरात बसलेल्या मुलीला चांगल्या स्थळाला नाही कसं म्हणता येणार? आईची स्वतःची मॅट्रिक अशाच एका चांगल्या स्थळापायी राहिली होती. पुस्तकं बांधताना माझ्याकडे बघायचं ती टाळत होती.

गाठोडं घेऊन आम्ही दुकानातून बाहेर पडणार, तेवढ्यात आई थांबली. त्या दिवसांत सगळीकडे एकच बोलणं होतं की जपानात म्हणे एक मशीन असते, जमीन हलायच्या आधी घंटा वाजवते. उमरीच्या एसटीतही तिनं ते ऐकलं होतं.

"अप्पा," ती म्हणाली, "तुमच्याकडे सगळा जपानी माल असतो. ती आधी सांगणारी मशीन नाही का हो तुमच्याकडे?"

विचारताना तिचा आवाज असा होता की मला तिच्यावरचा राग एकदम सोडून द्यावासा वाटला. तिलाही मला न्यायचं नव्हतं. तिला फक्त कुणी तरी नको म्हणायला हवं होतं.

अप्पांनी तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे, माझ्या हातातल्या गाठोड्याकडे.

"हाय," ते म्हणाले. "एकच पीस हाय. आत ठिवलाय. हुडकावा लागंल."

ते आत गेले ते तासाभरानं आले. हातात पांढरी डबी, जेवणाच्या डब्याएवढी. वर बारकासा लाल दिवा लागलेला आणि बाजूला सायकलच्या घंटीसारखी वाटी. हातात घेतली तर चांगली जड. मी सवयीनं उलटी करून चिठ्ठी शोधली. चिठ्ठी नव्हती.

"डुप्लिकेट?" आईनं विचारलं.

अप्पा भिंतीवरच्या कॅलेंडराकडे बघत म्हणाले, "न्हाई ताई. हे ओरिजिनल हाय."

मी थक्क झाले. सव्वा वर्षात त्या तोंडून तो शब्द मी कपाटाशिवाय कुठल्या वस्तूबद्दल ऐकला नव्हता. आईनं डबी माझ्या हातातून घेतली.

"आणि बंद पडलं तर?"

आता मात्र अप्पांनी तिच्याकडे बघितलं. "बंद पडलं तर मी हाय."

आई दोन दिवस राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी स्टँडवर एसटीत चढता चढता म्हणाली, "राहा. पण निजायच्या आधी रोज तो दिवा बघत जा." एसटी सुटली तेव्हा तिनं मागं वळून बघितलं नाही. मी स्टँडवरून खोलीपर्यंत जवळजवळ पळत आले.

दिवा रोज बघितला. दर सोमवारी अप्पा मशीन 'सर्व्हिसिंग'ला खाली न्यायचे आणि तासाभरात आणून द्यायचे. जपानी मशीन असली की असं करावं लागतं, असं मी मुरुडच्या मैत्रिणीला समजावून सांगायची. ती माझ्याहून हुशार होती, तरी तिनंही ऐकून घेतलं.

त्याच सुमारास अप्पांनी आपली बाज अंगणात, आमच्या जिन्याच्या बुडाशी आणून टाकली. तेव्हा सगळं गावच बाहेर झोपत होतं. पण दिवाळी झाली, थंडी पडली, लोक एकेक करून घरात गेले, आणि अप्पा तिथंच. मंकी कॅप, दोन घोंगड्या, उशाशी तांब्या आणि काशाचं एक ताट. ताट कशाला, म्हणून विचारलं तर म्हणाले, "सकाळी न्ह्यारीला." आम्ही दोघी वरून टर उडवायचो. "अप्पा भ्याले! अप्पा घरात जायला भितात!" अप्पा म्हणायचे, "लई भ्यालो पोरीनो. काय करता." अव्वांना विचारलं तर त्या तव्याकडे बघत म्हणायच्या, "म्हाताऱ्याला घरात उकडतंय." डिसेंबर महिना होता.

जानेवारीत एका पहाटे आम्ही पुस्तकं मांडीवर घेऊन डुलक्या काढत होतो, तर टणटणटण असा कानठळ्या बसवणारा आवाज सुरू झाला. मशीन! आम्ही जिना उतरून अंगणात आलो तोवर खिडक्यांची तावदानं थरथरून गप्पही झाली. हादरा बारीक होता, काहीच पडलं नाही. अप्पा जिन्याखाली धापा टाकत उभे होते आणि ताट त्यांच्या पायाशी उपडं पडलं होतं. आम्हाला वाटलं, भीतीनं हातातलं पडलं.

"आवाज आला का वर?" त्यांनी विचारलं.

"आला तर! केवढ्यांदा वाजली!"

"मंग झालं," असं म्हणून त्यांनी ताट उचलून धोतरानं पुसलं.

मी उमरीला कौतुकानं पत्र धाडलं की मशीन वाजली. गल्लीत तर मी दवंडीच पिटली. दोन दिवसांत अप्पांच्या दुकानासमोर ही गर्दी. मोठमोठी माणसं, वकील, डॉक्टर, सगळ्यांना ती जपानी मशीन हवी. तोंडाला येईल ती किंमत द्यायला तयार. कुठलाही दुकानदार त्या हंगामात दोन मजले चढवून मोकळा झाला असता. अप्पा मात्र सगळ्यांना एकच सांगत होते, "एकच पीस व्हता. संपला." एक वकील तर माझ्याकडूनच मशीन विकत घ्यायला जिना चढून वर येत होते. त्यांना अप्पांनी कॉलरला धरून नव्हे, पण जवळजवळ तसंच खाली आणलं.

परीक्षा झाली. मी मेरिटमध्ये वगैरे आले नाही, पण नांदेडला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आणि अर्धापूरच्या मुलाचं दुसरीकडे जमलं. खोली सोडताना मी मशीन परत द्यायला गेले तर अप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ दे तुला." त्यांची बाज त्याच संध्याकाळी घरात गेली. तेही मी बघितलं, आणि तरी माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. बारावीला मला फिजिक्समध्ये चांगले मार्क होते.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी आम्हाला एकेक यंत्र वर्गापुढं उघडून समजावून सांगायचं होतं. इतरांनी मिक्सर, पंप असली सामान्य यंत्रं आणली. मी जपानी भूकंपयंत्र आणलं. प्रस्तावनाच दहा मिनिटांची केली. एका पहाटे त्यानं आमचा जीव कसा वाचवला तेही सांगितलं. मग सरांच्या हातून स्क्रूड्रायव्हर घेऊन चार स्क्रू काढले.

आत दोन सेल होते. त्यांना जोडलेला तो लाल दिवा. वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक दगड, वजनासाठी. घंटीची वाटी बाहेरून नुसती स्क्रूनं बसवलेली, तिला वायरच नव्हती. आणि झाकणाच्या आतल्या बाजूला पांढरी चिठ्ठी, निळ्या बॉलपेननं लिहिलेली: 'डुप्लिकेट'.

वर्ग हसून लोळला. सरही टेबलाला धरून हसले. मीही हसले, दुसरं काय करणार. आणि हसता हसता एकदम मला ती बाज दिसली. दोन घोंगड्या, मंकी कॅप, उशाशी ताट. पाच महिने. आम्ही वरून "अप्पा भ्याले" म्हणून ओरडतोय आणि खालून ते "लई भ्यालो" म्हणताहेत. घंटीला वायर नव्हती, तर त्या पहाटे वाजलं काय होतं? माझं हसू तिथंच थांबलं. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी यंत्र तसंच उघडं टाकून वर्गाबाहेर निघून गेले.

पुढच्याच रविवारी लातूर गाठलं. अप्पा दुकानात एका रेडिओला चिठ्ठी लावत होते.

"अप्पा, तुम्ही माझ्या आईला खोटं सांगितलंत."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "उगडलीस?"

"उघडली."

"लई दिस लावलीस की गं. मला वाटलं, बारावीच्या प्रॅक्टिकललाच उगडतीस." मग जरा काळजीनं म्हणाले, "चिठ्ठी व्हती ना जाग्यावर? पडली तर न्हाई?"

"होती."

"मंग? चिठ्ठीबिगर माल दुकानाच्या बाहेर गेला न्हाई माजा. आजवर."

एवढं बोलून ते पुन्हा रेडिओकडे वळले. मला त्यांच्या पायाशी बसून रडायचं होतं, पण अव्वा आतून चहा घेऊन आल्या आणि त्यांनी सगळं एका झटक्यात जागेवर आणलं. "पाच म्हयने थंडीत निजून ह्यांचं गुडघं गेलं. त्याची गॅरंटी कोन देनार, इचार जरा." अप्पा म्हणाले, "तू हायस की." अव्वा कानडीत काही तरी बोलल्या. ह्या वेळी त्यात राग नव्हता.

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. अप्पा शेवटपर्यंत दुकानात बसत होते. मोबाईलचे चार्जर, इयरफोन, सगळ्यांना चिठ्ठ्या. गेल्या पावसाळ्यात मुरुडच्या मैत्रिणीचा फोन आला की अप्पा गेले. फोन ठेवला तेव्हा आई स्वयंपाकघरात मेथी निवडत बसली होती. हल्ली ती माझ्याकडेच असते. मी तिला सांगितलं, आणि इतकी वर्षं तिच्यापासून लपवून ठेवलेलं तेही सांगितलं. मशीन खोटी होती. आत दगड होता.

मेथी निवडता निवडताच आई म्हणाली, "माहीत आहे मला."

"कसं?"

"अगं, तो माणूस डुप्लिकेट म्हणताना सरळ तोंडाकडे बघायचा. त्या दिवशी ओरिजिनल म्हणाला आणि कॅलेंडराकडे बघायला लागला. मला तेव्हाच कळलं."

"मग तू मला ठेवून कशी गेलीस?"

"मला नेता आलं असतं. दुसऱ्या दिवशी नेणारच होते. पण पहाटे उठले आणि जिन्यात आले, तर हा माणूस खाली आपल्या हातानं बाज ओढत आणत होता. जिन्याला अगदी लावून टाकली. मला बघून ओशाळला. म्हणाला, ताई, तुमी जावा, मी हाय." आईनं काड्या बाजूला सारल्या. "मशीनच्या भरवशावर कुणी लेक ठेवून येतं होय?"

मेथीची जुडी संपवून ती म्हणाली, "ती डबी आहे का अजून?"

"आहे. कपाटात."

"दिवा लागतो?"

"सेल टाकले तर लागेल."

"मग टाक की," आई म्हणाली.